उतरण्याचा रकाना

बाळांनो, एकाच आठवड्यात दोन प्रश्न आले, म्हणून आज लिहायला बसले. थोरलीने तिकडून विचारलं, "आजी, गवताच्या मैदानावरून उडायला शिकायचंय. दोन विमानं समोर आहेत, कोणतं निवडू?" आणि इथे निपाणीच्या शेतावरून तुमच्या चुलत काकाने फोन केला, "काकू, पट्टीत औंदा ऊस लावतो की. कोण येणार हाय तिथं?"

ती पट्टी तुमच्या आजोबांची. मच्छे गावच्या कारखान्यात ते लेथवर यंत्रांचे भाग घडवायचे, पण जीव विमानात. माळावरच्या आमच्या वाट्यात त्यांनी दगड वेचून, रोलर फिरवून गवताची धावपट्टी केली. त्यांचा एक वर्गमित्र छोटी विमानं उडवायचा. एकदा त्याने आपल्या माळावर उतरावं, एवढीच त्यांची इच्छा. परवानगीचे कागद तीन भाषांत फिरून महिन्यांनी हाती आले.

तोवर आम्ही रोज संध्याकाळी विमानांची तुलना करायचो. मी इंग्रजी माहितीपुस्तकं वाचून अर्थ सांगायचे आणि वहीत रकाने आखायचे. पंख खाली असलेलं विमान जमिनीजवळ आलं की तरंगत राहतं, लवकर टेकत नाही, आणि उडालेला खडा पंखाला लागतो. पंख वर असले तर बांधावरच्या झुडपांची भीती कमी. नाकाखाली चाक असलेलं शिकणाऱ्याला सोपं, पण खड्ड्यात पहिला दणका त्याच चाकाला बसतो. शेपटीखाली चाक असलं की नाक उंच राहतं, नाकावरचा फिरता पंखा गवतापासून लांब. मात्र बाजूचा वारा आला की जमिनीवर गर्रकन फिरू पाहतं. सगळ्यात मोठा रकाना होता 'उतरायला किती जागा'. तो मी लाल शाईने आखला होता. त्यात नाकाखाली चाक असलेलं एक विमान बसलं, आणि मित्राकडे नेमकं तेच होतं.

तो सांबऱ्याच्या विमानतळावर विमान ठेवून आधी जीपने पट्टी बघायला आला. आजोबांनी मला पुढे बसवलं, हातात पाण्याने भरलेला पेला दिला आणि जीप पट्टीवरून जोरात पळवली. पाणी सांडलं नाही तर जमीन सपाट, ही त्यांची परीक्षा. थोडंसंच सांडलं, तेही माझ्या हसण्याने.

मित्राने पट्टी पावलांनी मोजली, टोकाला भाऊजींच्या, म्हणजे या काकाच्या वडिलांच्या, उसापाशी थांबला. माझी वही चाळली.

"वैनी, अक्षर झकास. उतरंन की मी हितं. पण परत उठायचं कसं? आपल्या माळाची उंची, ही गरम हवा, वर गवताची ओढ. उसाच्या आधी चाकं जमिनीवरनं सुटायची न्हाईत."

आजोबा म्हणाले, "ऱ्हा की मग दोन दिवस! कुठं घाई हाय?"

"मी ऱ्हाईन रं. इमान कुठं बांधू, गोठ्यात?"

तिघंही हसलो. मग आजोबांनी वही घेऊन पानं उलटली. उठण्याचा रकाना कुठेच नव्हता. पुस्तकांत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापलेले होते, मी एकच उतरवला होता. आलेल्या पाहुण्याला जाणार कधी, हे आपल्याकडे विचारत नाहीत. मला वाटतं, आम्ही दोघं विमानाशीही तसंच वागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सांबऱ्याहून निघून आमच्या माळावर आला. खाली, इतक्या खाली की गवत लवलं. पंख डावे-उजवे हलवले आणि वर गेला. मी रस्सा करून ठेवला होता. आजोबा टोपी हातात घेऊन आवाज विरेपर्यंत उभे राहिले, मग म्हणाले, "चला, जेवून घेऊ."

पुढे आम्ही वही नव्याने लिहिली. पंख वर, चाक शेपटीखाली, वजन हलकं, इंजिन त्या मानाने जोरकस: असं विमान आमच्या पट्टीवरून उठलं असतं. ते कोणाकडे होतं, आणि आलं असतं का, हे कळायच्या आत तुमचे आजोबा गेले.

तेव्हा थोरले, तुझं मैदान आखूड असेल तर शेपटीखाली चाक असलेलं घे, पण वारा आडवा असताना कसं धरायचं ते नीट शीक. ओल्या गवतावर ब्रेकवर भरवसा नको. आणि आधी उठण्याचा आकडा बघ, तुझ्याकडच्या उंचीचा आणि उन्हाचा हिशेब धरून. तुम्ही दर सुट्टीला सांबऱ्याला उतरता तेव्हा परतीचं तिकीट मी अजूनही विचारत नाही. पण तू विचार.

काकाला मी सांगितलं, "यंदा नको. त्यात नांगर घालू नकोस." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे तर, काकू. मेंढरं चरतील."

मेंढरं चरतात, त्यामुळे गवत आखूड राहतं. पट्टी अजून आहे, उसापर्यंत. वही कपाटात आहे, दोन्ही रकान्यांची.