काटाबाईचा चुकलेला अंदाज

कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे काटाबाई म्हणायचे, तराजूच्या काट्यावरून, आणि चेष्टेत नाही बरं का. तीनशे माणसं जेवून उठली की पातेल्याच्या बुडाशी फक्त दोघींपुरतं उरायचं, एक ती स्वतः आणि दुसरी भांडी घासणारी. बावीस वर्षांत भात कमी पडला नाही आणि टाकायलाही उरला नाही. पगाराच्या दिवशी लोक बाहेर खातात, तेव्हा चाळीस माणसांचं कमी टाकायचं. महिनाअखेरीला खिसे रिकामे, तेव्हा एकेक जण दीडपट हाणतो. सुपरवायझर रोज सकाळी ऐटीत आकडा सांगायचा. ही "बरं" म्हणायची आणि स्वतः गेटवर जाऊन हजेरीची कार्डं मोजून यायची. दुसऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर तिने कधी शेगडी पेटवली नाही.

एकदाच पेटवली, आणि तीही सख्ख्या भावाच्या आकड्यावर.

झालं असं, की लेकीला लांबच्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. गाडीने अख्खा एक दिवस लागतो एवढं लांब. नवरा लेक चार वर्षांची असतानाच गेलेला, तेव्हा जे काही करायचं ते हिनेच. आणि नेमकं त्याच महिन्यात कँटीनच्या ठेकेदाराने तिला बाजूला घेतलं. म्हणाला, "बाई, माझे गुडघे गेले. सहा महिन्यांनी ठेका सोडतोय. अडीच लाख अनामत भरायची तयारी असेल, तर कंपनीत तुमचंच नाव सांगतो."

बावीस वर्षं राबायचं हिने आणि नफा त्याचा. तो काही वाईट माणूस नव्हता, पण नफा तो नफाच. आता तोच ठेका हिच्या नावावर होणार होता. पासबुकात चार लाख होते. म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष दीड लाखात निभावलं, तर दोन्ही जमणार होतं. पुढची वर्षं कँटीनच्या कमाईतून निघाली असती. दीडच्या वर गेलं तर मात्र दोन्हीपैकी एकच.

कॉलेजच्या शहरात धाकटा भाऊ राहायचा. त्याला हिनेच वाढवलं, हिच्याच पगारावर तो त्याच कॉलेजात शिकला, तिथेच नोकरीला चिकटला. मग त्याला विचारायचं नाही तर कुणाला? तो म्हणाला, "ताई, तू कशाला रजा टाकतेस? प्रवेशाचं मी बघतो." भाचीला घेऊन गेला, प्रवेश घेतला, आणि परत येऊन बहिणीच्या हातात एक कागद ठेवला. फी, हॉस्टेल, मेस, गाडीभाडं. एकूण एक लाख तीस हजार.

हिने सवयीप्रमाणे अचानक उगवणाऱ्या पाहुण्यांसाठी म्हणून वर वीस हजार धरले. भाऊ हसला हो! "ताई, तू पण ना! एवढं लागतच नाही." हिलाही हसू आलं. गेटवर जाऊन कार्डं मोजावीत, असं तेव्हा तिच्या मनातही आलं नाही.

मग सुरू झाले फोन. मेस रविवारी बंद असते, सुट्टीच्या दिवशीही बंद असते, तेव्हा बाहेर खायला लागतं. हॉस्टेल कॉलेजपासून सात किलोमीटरवर, बसचा पास काढायचा. प्रयोगशाळेची अनामत वेगळी, त्यात काचेचं काही फुटलं की दंड वेगळा. लॅपटॉपशिवाय सर काम तपासूनच घेत नाहीत. बरं, तो घेतला, तोवर परीक्षेची फी आली. आणि कहर म्हणजे दोन सत्रांमधल्या सुट्टीत हॉस्टेल तीन आठवडे बंद! खोली घ्या नाहीतर घरी या, पैसे तेवढेच. दर वेळी लेक अगदी बारीक आवाजात सांगायची. तिसऱ्या महिन्यात हिचा तोल गेला. "तिथे शिकायला गेलीस की उधळायला?" हिने फोन ठेवला, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

सहा महिने भरले तेव्हा दोन लाख वीस हजार गेले होते. अनामतीला सत्तर हजार कमी पडले. ठेकेदाराने आठ दिवस कळ काढली, पण कंपनी थांबेना. ठेका एका बाहेरच्या माणसाला गेला. हिला कामावर ठेवतो म्हणाला तो, उपकार केल्यासारखा. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पहाटे कामावर गेली.

मग मात्र तिने चार दिवसांची रजा टाकली आणि गाडीत बसली. पैसा कुठे मुरतोय ते बघायचं होतं. खरं सांगायचं तर संशय लेकीवरच होता.

कॉलेजच्या फीच्या खिडकीवर कारकून बसला होता. तिची तक्रार ऐकून तो गोंधळला. "मावशी, हे सगळं पुस्तिकेत आहे की. प्रवेशाच्या दिवशीच देतो आम्ही पालकांना, सही घेऊन." त्याने पुस्तिका उघडून शेवटचं पान दाखवलं. फीव्यतिरिक्त होणारा खर्च. बसचा पास, लॅपटॉप, रविवारचं जेवण, सुट्टीतली खोली, एकूण एक गोष्ट छापलेली. सगळं धरून वर्षाला अडीच लाख. मग त्याने रजिस्टर फिरवून पालकाची सही दाखवली. ती सही ओळखायला तिला चष्माही लागला नाही. त्या हाताला धरून पाटीवर पहिलं अक्षर हिनेच गिरवून घेतलं होतं.

तिने भावाला हॉस्टेलवर बोलावून घेतलं. भेटीच्या खोलीत प्लास्टिकच्या तीन खुर्च्यांवर तिघं बसली. तिने पुस्तिका त्याच्या मांडीवर ठेवली.

भाऊ आधी घसा खाकरत बसला. मग म्हणाला, "ताई, अडीच लाख ऐकलं असतंस तर तू हिला पाठवलं नसतंस. ठेका घेतला असतास आणि पोरीला तिथेच कुठेतरी चिकटवलं असतंस. मी हिचं भलं बघितलं."

"आणि माझा गळा केसाने कापलास."

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? आता तू शिकवणार मला?"

ती लेकीकडे वळली. लेक नखं कुरतडत होती.

"तुला ठाऊक होतं?"

लेकीने मान खाली घातली. पुटपुटली, "मामा म्हणाला, एकदा मी आत गेले की आई काहीतरी करतेच."

भावाचं खोटं तिने एक वेळ गिळलं असतं. परका होतोच माणूस, त्याचा संसार वेगळा. पण सहा महिने फोनवर दर वेळी नव्यानेच कळल्यासारखं सांगणारी ही आपल्या पोटची पोर! आणि आपण तिला ओरडलो म्हणून उपाशी राहिलो! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मी नाहीच म्हणाले असते का गं?" तिने विचारलं. तिने स्वतःच्या मनाला विचारून पाहिलं. चार दिवस चिडली असती, ठेकेदाराला तोंड दाखवलं नसतं, आणि पाचव्या दिवशी कदाचित म्हणाली असती, जाऊ दे तो ठेका, शीक तू. कदाचित. आता ते तिलाही कधी कळणार नव्हतं. तिच्या वतीने त्या दोघांनी आधीच उत्तर देऊन टाकलं होतं.

पुढच्या सत्राचे पैसे भरून तिने पावती लेकीच्या हातात दिली. भाऊ पिशवी घ्यायला पुढे झाला. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

फाटकापाशी लेक म्हणाली, "आई, रागावलीस?"

"रागावले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "शीक. पैसे येतील, चारही वर्षं येतील. पण आता फोनवर तू 'बरी आहे' म्हणालीस, तरी ते खरं की मामाने सांगितलेलं, हे मला कसं कळायचं गं?"