अणुभट्टीला सासूबाईंची परवानगी

शेजारी काजू भाजायला घेतले. तो तेलकट, घशाला चरचरणारा धूर आला आणि मी साठ वर्षांपूर्वीच्या आमच्या मालवणच्या मागीलदारी जाऊन पोचले. नवं लग्न झालेलं. यजमान मुंबईला अणुभट्टीत नोकरीला होते आणि त्यांची सुट्टी संपत आली होती. सासूबाई पत्र्यावर काजूच्या बिया परतत होत्या.

“झिला, त्या बॉम्बच्या कामार परत जाव नको,” त्या म्हणाल्या.

हे हसून चुलीपाशी बसले. “बॉम्ब न्हय गे आये. ह्यो बियो बघ. एक पेटली की तिच्या तेलान बाजूच्यो पेटतत. तसोच एक अणू फुटता, तेचे कण उडान दुसरे अणू फोडतत. एकामागे एकच फुटाक होयो, मगे आग सारखी रवता.”

“आणि भडाकली तर?”

“तू राख टाकतस मां? तशे आमचे दांडे आसत, कण गिळणारे. आत सोडले की आग निवता.”

सासूबाईंनी पत्र्यावरच्या बिया पुन्हा एकदा परतल्या. “मगे जा,” त्या म्हणाल्या.

मी दाराआड उभी होते. त्या तरी अडवतील, एवढीच माझी आशा होती. आता हे नाहीत. त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं नसतं, तर आणखी दोन दिवस राहिले असते, असं अजून वाटतं.