अकराव्या होलचं कुणालाच आठवेना

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि ते श्रेय शेंडगे बाईंचं. तालुक्याच्या गावी त्या आम्हाला इंग्रजी शिकवत. बारावीनंतर वडील मला एका दुकानात कामाला लावणार होते. बाई घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगा कॉलेजात जाणार असं तुम्ही म्हणेपर्यंत मी उठत नाही." वडिलांना म्हणावं लागलं. फौजदार झाल्यापासून प्रत्येक मोठ्या तपासानंतर मी बाईंना पत्र लिहीत आलो. त्यातलं एक पत्र ज्या तपासाचं आहे, तो निवृत्तीनंतरही माझ्या मनातून उतरलेला नाही.

तेव्हा मी पुण्याच्या कडेच्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीत शहरात नव्यानेच आलेली गावं होती आणि डोंगराच्या पायथ्याशी एक गोल्फचं रिसॉर्ट होतं. तिथे दोन चॅम्पियनशिप कोर्स होते, म्हणजे मोठ्या स्पर्धा भरवता येतील अशी मैदानं. लोक सुट्टी काढून तिथे राहायला येत आणि चार-पाच दिवस फक्त खेळत.

एका दुपारी रिसॉर्टच्या व्यवस्थापकाचा ठाण्यात फोन आला. मैदानाच्या कडेला गवत काढणारी एक बाई डोक्याला मार लागून बेशुद्ध सापडली होती. त्याच फोनवर व्यवस्थापकाने हेही सांगितलं, की तिचा नवरा तिथेच पाण्याच्या पाइपांचं काम करतो आणि सकाळी दोघांचं सगळ्यांसमोर भांडण झालं होतं.

आम्ही पंचनामा केला. बाई पडली होती ती जागा झाडीआड होती आणि तिथे कॅमेरा नव्हता. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की कवटीला लहान गोल खोक पडली आहे, हातोडीसारख्या वस्तूने पडते तशी. नवऱ्याच्या पिशवीत हातोडी होती. ती जप्त केली, त्याला अटक केली. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला आणि कोर्टाने पोलीस कोठडी दिली. बाई गेली असती तर कलम बदललं असतं आणि त्याचं उरलेलं आयुष्य तुरुंगात गेलं असतं.

चौकशीत भांडण त्याने लगेच कबूल केलं. बायकोला भावाकडे जायचं होतं, तो नको म्हणत होता. मारल्याचं मात्र तो मान्य करेना. उलट प्रत्येक वेळी मलाच विचारायचा, "सायेब, तिनं डोळं उघडलं का?" असे प्रश्न साळसूद आरोपीही विचारतात, त्यामुळे मी त्याला फार महत्त्व दिलं नाही.

माझं लक्ष वेधलं ते व्यवस्थापकाने. आरोपीने कबुली दिली का, हे विचारायला तो रोज फोन करू लागला. घटना ज्याच्या आवारात घडली त्याला तपासाची आपल्यापेक्षा जास्त घाई झाली, की मी जरा सावध होतो. मी पुन्हा रिसॉर्टवर गेलो आणि त्या वेळी मैदानावर कोण खेळत होतं ते विचारलं. तो म्हणाला, "सर, ते गेस्ट आहेत. त्यांना कशाला डिस्टर्ब करायचं?" मी बसून राहिलो. मग त्याने सांगितलं, की चौघं मित्र होते, पुण्याचेच. बरोबर कॅडी म्हणजे सामान वाहणारा माणूस नव्हता, बॅटरीची गाडी स्वतःच चालवत होते. आठवडाभराचं बुकिंग होतं, पण त्याच संध्याकाळी ते खोल्या सोडून गेले.

सुट्टी अर्धी टाकून चार माणसं एकदम घरी का जातात?

चौघांतल्या एकाचं कसबा पेठेत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं वडिलोपार्जित दुकान होतं. मी साध्या वेषात चालत तिथे गेलो. ओळख सांगितल्यावर व्यापारी म्हणाले, "आपण हंडा घ्यायला आला नसणार, हे बुटांवरूनच ओळखलं." बाईबद्दल विचारलं तर उत्तर तयार होतं. त्यांनी काही पाहिलं नाही, वर्तमानपत्रात वाचलं, फार वाईट झालं.

मी तो विषय सोडून दिला. म्हटलं, मी खेड्यातला माणूस, मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, तुम्ही त्या दिवशी काय खेळलात ते तरी समजावून सांगा. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग बोलायला लागले, आणि थांबेचनात. मैदानावर अठरा होल असतात, ज्याचे एकूण फटके कमी तो जिंकतो, हे मला तिथे कळलं. कुठल्या होलला कोणाचा चेंडू वाळूत गेला, वारा कुठून होता, डॉक्टर मित्राचा फटका कसा हुकला, हे सगळं ते हातात पितळी पळी धरून करून दाखवत होते. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहिलं. दहावा होल संपला तेव्हा त्यांचा कारखानदार मित्र त्यांच्यापेक्षा दोन फटक्यांनी पुढे होता, हेही सांगितलं.

"आणि अकराव्याला?"

"अकराव्याला विशेष काही नाही," ते म्हणाले आणि बाराव्यावर गेले.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना आणि चौथ्या मित्राला, एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला, त्यांच्या घरी भेटलो. दोघांनाही मी फक्त खेळाबद्दल विचारलं. दोघांनाही प्रत्येक फटका आठवत होता, स्वतःचा आणि दुसऱ्याचाही. अकराव्या होलचं मात्र दोघांनाही काही आठवेना. गवत काढणारी बाई अकराव्याच्या कडेलाच सापडली होती. विसरायचं कुठे, हे त्यांनी आपसात ठरवलं असणार. पण ठरवून विसरताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. बारावा सुरू होताना कारखानदार आणि व्यापारी बरोबरीत होते, असं तिघांच्याही बोलण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला मी पुन्हा कसब्यात हजर झालो.

"दहाव्याला तुमचे मित्र दोन फटक्यांनी पुढे होते. बाराव्याला बरोबरी. मधले दोन फटके कुठे गेले?"

व्यापाऱ्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"चेंडू हरवला की तेवढं नुकसान होतं," ते म्हणाले.

"हरवला होता?"

"नाही. त्याने उचलून खिशात घातला. बाई तिथेच पडली होती." मग म्हणाले, "पुढच्या होलला जाताना तो स्वतःच म्हणाला, माझा चेंडू हरवला असं धरा. अहो, खेळात तो कधी खोटं बोलत नाही."

"आणि पोलिसांशी?"

"तुमच्याशी तो खेळत नव्हता ना," ते म्हणाले. ही चेष्टा नव्हती. त्यांचे डोळे भरले होते.

कारखानदाराचा फटका झाडीकडे वळल्यावर कोणी ओरडून सावध केलं नव्हतं. चौघांनी बाईला पडलेलं पाहिलं. डॉक्टर जवळ जायला निघाले, तर बाकीच्यांनी त्यांना गाडीत बसवलं. व्यवस्थापकाला फोन केला तो कारखानदाराने, आणि बोलता बोलता नवऱ्याचं भांडण व्यवस्थापकाला आठवलं. ते दोघांच्याही सोयीचं होतं.

व्यापाऱ्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. कारखानदार वकिलासह ठाण्यात आले आणि चेंडू त्यांनी स्वतःहून टेबलावर ठेवला. आपला चेंडू ओळखू यावा म्हणून खेळाडू त्यावर खूण करतात. त्यांची हिरवी खूण होती आणि तिच्या शेजारी रक्ताचा डाग होता. तो त्यांनी का टाकून दिला नाही, हे त्यांनाही सांगता आलं नाही. नवऱ्याला सोडून देण्याचा अहवाल मी त्याच दिवशी कोर्टात पाठवला.

खोटं बोलणारा माणूस सगळीकडे खोटं बोलत नाही, हे मला या तपासाने शिकवलं. प्रत्येकाची खरं बोलण्याची एखादी जागा असते. तपास करणाऱ्याने दरडावत बसण्यापेक्षा ती जागा शोधावी. भाषणं द्यायला बोलावतात तेव्हा नव्या फौजदारांना मी एवढंच सांगतो. उरलेलं मी फक्त शेंडगे बाईंना लिहिलं. त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे.

"तीर्थरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

तपास संपला, दोषारोपपत्र कोर्टात गेलं. वर्तमानपत्रात माझं नाव आलं, ते आपण वाचलंच असेल. कलमं जामिनाची आहेत, त्यामुळे कारखानदार घरी आहेत. जखमी बाई वाचल्या. डावा हात अजून उचलत नाही, पण बोलतात.

काल त्या नवऱ्याबरोबर ठाण्यात आल्या होत्या, त्याचं जप्त केलेलं सामान न्यायला. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, 'ह्यांला आत ठिवलं व्हतं, तसं त्या चौघांला ठिवलं का?'

मी म्हणालो, त्यांना नोटीस पाठवून बोलावलं, ते वकील घेऊन आले आणि जबाब देऊन गेले. कायद्यात तसंच बसतं, हेही सांगितलं.

त्या 'बरं' म्हणाल्या. नवरा खाली बघत सही करत होता.

निघताना मी म्हणालो, जीप बाहेर उभी आहे, घरापर्यंत सोडतो. दारात येऊन त्यांनी जीपकडे नीट पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, 'तुमाला न्हेलं ती हीच गाडी का?'

त्याने मान हलवली. दोघं बसच्या थांब्याकडे चालत गेली.

आपला विद्यार्थी."