कुंदाने मागितलेले पट्टे

भाचीचा फोन आला तेव्हा मी सांगवीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची मागची काच पुसत होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. काविळीचं निमित्त होऊन कुंदा पंधरा दिवस दवाखान्यात होती. पण आदल्या संध्याकाळी तिने स्वतः मागून पेज खाल्ली होती, त्यामुळे आम्ही सगळे जरा निर्धास्त झालो होतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान बहीण. माझ्या आधी जायचं तिला काहीच कारण नव्हतं... फडकं हातात तसंच राहिलं आणि मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की तिला सांगायचं होतं ते आता राहूनच गेलं. आज महिना उलटला तरी ते डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

वडिलांनी मला डिप्लोमापर्यंत शिकवलं आणि कुंदाचं बारावी होताच लग्न लावून दिलं. त्यात तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मला तर मुळीच नाही. मी भोसरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये नोकरी पुरी केली. कुंदाने काळेवाडीत संसार मांडला आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर ती चाकणच्या एका कारखान्यात लागली. तिथे मोटारींचे सीट बेल्ट तयार होतात. कुंदा त्यांना कायम पट्टेच म्हणायची. आधी शिलाईच्या मशिनवर आणि मग तपासणीला, अशी बावीस वर्षं तिने पट्ट्यांतच काढली. एक टाका चुकलेला दिसला की ती अख्खा पट्टा बाजूला काढायची, आणि सुपरवायझरने कुरकुर केली तर म्हणायची, "साहेब, तुमच्या पोराला लावून बघा, मग पास करते." हा किस्सा ती रंगवून सांगायची आणि आम्ही हसायचो. हसण्यापलीकडे तिच्या कामाबद्दल मी कधी काही विचारलं नाही.

निवृत्तीनंतर मी एक जुनी स्टेशन वॅगन घेतली. मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली लांबलचक गाडी, जवळजवळ माझ्याच वयाची. तिचं सगळं मूळचं हवं, अगदी आतलं अस्तरसुद्धा, हे माझं खूळ. पुढच्या सीटला आधीच्या मालकाने पट्टे बसवले होते, मागे काहीच नव्हतं. त्या वर्षी भाऊबीजेला कुंदाने ओवाळलं, मी तबकात ठेवायला साडी पुढे केली, तर तिने तबकच मागे घेतलं. "साडी नको दादा. गाडीला मागं खांद्यावरून जाणारे पट्टे बसव. नातवंडं बसतात मागं. हीच माझी ओवाळणी."

"अगं, गाडीचं मूळपण जातं."

"मूळपणाचं काय लोणचं घालणारेस?" ती म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने आमची बायको हसली.

चार बोल्टांचं काम, पण मी वर्ष लावलं. पट्ट्याचं वरचं टोक खरं तर खिडकीशेजारच्या लोखंडी खांबाला, म्हणजे पिलरला, घट्ट बसवायला हवं. पण त्यासाठी मूळ अस्तराला भोक पाडणं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी ते टोक सीटमागे सामानाच्या जागेत, खाली तळाला बोल्ट केलं आणि पट्टा सीटच्या पाठीवरून वर आणून खांद्यावर घेतला. दिसायला झकास! पुढच्या भाऊबीजेला मोठ्या तोऱ्यात कुंदाला खाली घेऊन गेलो. जुन्या गाड्यांचे शौकीन असे माझे दोन मित्रही आले होते. कुंदा मागे बसली, पट्टा लावला, आणि मान वळवून तो कुठून आलाय ते तिने पाहिलं.

"दादा, हे चालायचं नाही. वरचं टोक खांद्याच्या उंचीला पाहिजे. धडक बसली तर हा पट्टा माणसाला धरायचा सोडून खाली दाबेल. सगळा भार मणक्यावर येईल."

मित्र ऐकत होते. माझा पारा चढला. "तू तुझी शिलाई बघ," मी म्हणालो, "इंजिनिअरिंग मला शिकवू नकोस."

कुंदाने पट्टा सोडला, नीट गुंडाळून सीटवर ठेवला आणि "बरं," म्हणाली. घरी सोडतो म्हटलं, तर रिक्षाने गेली.

चार दिवसांनी मी एकटाच मागच्या सीटवर बसलो, पट्टा लावला आणि जोर करून पुढे झुकलो. पट्टा छातीला अडवत नव्हता, खांदा खाली दाबत होता. आयुष्यभर लोखंड कापलेल्या माणसाला हे तिने सांगायची वेळ आली होती! काळेवाडीत एक फॅब्रिकेटर आहे. त्याच्याकडे अस्तर उलगडून, पिलरच्या आत जाड पट्टी वेल्ड करून, सगळं तिने सांगितलं तसं करून घेतलं. जाताना तिची गल्ली लागू नये म्हणून लांबचा वळसा घेतला... आता याला काय म्हणावं? त्यानंतर ती दोनदा भाऊबीजेला आली. गाडी खालीच उभी असायची. फोनवर ती विचारायची, "गाडी काय म्हणते?" मी म्हणायचो, "चाललीय." दवाखान्यात तिच्या उशाशी मोसंबी सोलत बसलो होतो, तेव्हाही ओठांवर आलं होतं. पण बरी झाली की गाडीत बसवूनच दाखवू, असं मनाशी ठरवलं. खरं म्हणजे तेव्हाही माझी मान खाली जायला तयार नव्हती.

दिवसकार्य आटोपल्यावर एका रविवारी भाचीकडे गेलो आणि तिला हे सगळं सांगून टाकलं. तुझी आई शेवटपर्यंत समजत राहिली की मुलं त्या चुकीच्या पट्ट्यांत बसतात, असं म्हणालो. भाची उठली आणि आईचा मोबाइल घेऊन आली.

"मामा, तिला माहीत होतं."

आमच्या सुनेने दोन वर्षांपूर्वी घरच्या ग्रुपवर नातीचा फोटो टाकला होता, मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेली. कुंदाने त्यातला पिलरचा भाग तेवढा मोठा करून कारखान्यात तिच्या लाइनवर काम करणाऱ्या बायकांना पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "वरचा बोल्ट बघा गं, कसा बरोबर खांद्याच्या वर घेतलाय. जुन्या गाडीत एवढं कोण करतं? माझ्या दादानं केलंय." त्यावर एकीने विचारलं होतं, तू सांगितलंस का त्यांना?

कुंदाचं उत्तर होतं, "नाही गं. त्याचं त्यालाच सुचलं."

हे खोटं आहे, कुंदा. मला तूच सांगितलं होतंस.