अण्णा हयात नाहीत

माझे वडील मागच्या नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी दीडच्या सुमारास वारले. सध्या त्यांची तब्येत उत्तम आहे.

या प्रकरणात दोष फोन बनवणाऱ्या कंपनीचा आहे, असं मी आजही म्हणतो. घरात ते कोणी ऐकून घेत नाही. (घरात माझं एरवीही कोणी ऐकून घेत नव्हतं, पण आता त्यांना त्याला सबळ कारण मिळालं आहे.)

मी लोणारला एका कॉलेजात हेडक्लार्क आहे आणि माझा फोन सात वर्षांचा होता. या फोनच्या सहवासात माझं एक ठाम मत बनलेलं होतं. ते असं, की या कंपन्या अपडेटच्या नावाखाली जुन्या फोनला रोज थोडं थोडं विष घालतात. आज जरा हळू, उद्या आणखी हळू, शेवटी माणूस वैतागतो आणि नवा फोन घेतो. हे मत मी ऑफिसात, चहाच्या टपरीवर, मेहकरच्या एसटीत आणि एकदा तर एका मुंजीत खुद्द भटजींना समजावून सांगितलं होतं. (मुहूर्त टळला, पण भटजींना पटलं.) माझ्या फोनवर रोज पाटी यायची, 'नवीन अपडेट आलं आहे.' मी रोज 'नंतर' दाबायचो. तीन वर्षं दाबलं!

"तुमचं सगळंच नंतर!" आमची सौ. सुनंदा म्हणायची. "बाथरूमचा नळ नंतर, गॅसची नळी नंतर, अन् हे बी नंतर! मी माह्या फोनले दर वेळी अपडेट करते. काय झालं त्याले?"

"तुहा नवा हाये. बुढा झाल्यावर समजते."

"कोन? फोन का मी?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका मी मूर्ख नाही. मी पेपर वाचायला घेतला.

तर नोव्हेंबर. अण्णा, म्हणजे माझे वडील, रिटायर हेडमास्तर, वय वर्षं एक्क्याऐंशी. पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. दरवर्षी अण्णा इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून बँकेत जायचे आणि मॅनेजरसमोर अर्धा तास जिवंत बसून यायचे. यंदा त्यांच्या गुडघ्याने संप पुकारला आणि महिना संपत आला.

"आता घरूनच होते," सुनंदा म्हणाली. "ॲपमधी चेहरा दाखवला का झालं. मी करून देऊ?"

"काऊन? मी मेलो का?" मी म्हणालो. (त्या दिवशी घरात मरणाची भाषा पहिल्यांदा मीच काढली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

सुनंदा "करा मंग" म्हणाली आणि मेहकरला बहिणीकडे निघून गेली. सोबत स्वतःचा, नियमित अपडेट होणारा फोन घेऊन गेली. घरात उरलो मी, अण्णा आणि माझा फोन. आमच्या तिघांतले अण्णा सर्वांत चपळ.

ॲप उघडलं तर त्यावर पाटी: 'आधी फोन अपडेट करा.' मी 'नंतर' शोधलं. इथे 'नंतर' नव्हतंच! तीन वर्षांची तपश्चर्या एका अंगठ्यात मोडली. सकाळी नऊला अपडेट सुरू झालं, ते दुपारी साडेबारापर्यंत चाललं. मधल्या वेळात अण्णा सदरा-टोपी घालून अंगणातल्या खुर्चीवर बसून होते. दर दहा मिनिटांनी विचारत होते, "झाला का बे मी जिवंत?"

"होऊन राह्यले अण्णा, होऊन राह्यले."

साडेबाराला फोन चालू झाला, आणि माझं मत शंभर टक्के खरं निघालं! फोन हळू झाला नव्हता, तो समाधीत गेला होता. एक बटण दाबावं, मग आत जाऊन पाणी पिऊन यावं, तेव्हा ते बटण दबायचं. ॲप म्हणालं, 'चेहरा समोर धरा आणि डोळे मिचकवा.' अण्णांनी मिचकवले. काही झालं नाही.

"परत मिचका, अण्णा."

"तीनडाव मिचकावले!"

"फोनले दिसलं नसंन. अजून एकडाव."

अण्णांनी पुन्हा मिचकवले. तोवर फोनला आधीची सूचना आठवली आणि त्यावर आलं, 'कृपया हलू नका.' अण्णांनी डोळे ताणून उघडे ठेवले. दोन मिनिटं. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मग आलं, 'डोळे मिचकवा.' मी ओरडलो, "आता!" अण्णा दचकले आणि त्यांची टोपी नाकावर आली. समोरच्या अंगणात गहू निवडणाऱ्या काकू हा सगळा नेत्रव्यवहार बघत होत्या. त्या ताट उचलून आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पाच वेळा हा प्रयोग झाला. पाचव्यांदा लाल अक्षरांत निकाल आला: 'चेहरा जुळला नाही.'

"काय म्हनते?" अण्णांनी विचारलं.

"तुमी तुमी नाही, असं म्हनते."

"चाळीस वर्षं हजेरी घेतली मी पोरांची," अण्णा उठले, "असा हजर असून गैरहजर कोनी लावला नव्हता मले!" आणि भाकरी खायला आत गेले.

माझं डोकं फिरलं. आता हा अन्याय जगापुढे मांडलाच पाहिजे, असं मी ठरवलं. आमच्या खानदानाचा एक ग्रुप आहे, त्यात चाळीसेक माणसं आहेत. त्यावर मला लिहायचं होतं: 'अण्णा हयात नाहीत, असं हा भिकार फोन म्हणतो! पहा अपडेटचा परिणाम! मी सांगत नव्हतो?' मी टाइप करायला लागलो. अक्षरं उमटेनात. मी आणखी जोरात टाइप केलं. बऱ्याच वेळाने पडद्यावर 'अण्णा हयात नाहीत' एवढं उगवलं, कीबोर्ड एकदम खाली घसरला आणि माझा अंगठा कशावर तरी पडला. मग सगळं गोठलं. मी चार-पाच ठिकाणी टिचक्या मारल्या. पडदा काळा झाला.

काही गेलंच नाही, असं मला वाटलं. फोन चार्जिंगला फेकला आणि संतापाने झोपलो.

प्रत्यक्षात काय गेलं होतं? 'अण्णा हयात नाहीत.' आणि त्याच्या पाठोपाठ, माझी काडीची इच्छा नसताना, हात जोडलेलं एक चित्र.

चारच्या सुमारास दारावर थाप पडली. अण्णांनीच दार उघडलं. बाहेर दिगंबर. हा माझा लांबचा चुलतभाऊ, गावातच राहतो, आणि खानदानातल्या कुठल्याही मयताची सगळी व्यवस्था न सांगता अंगावर घेतो. मागे हातगाडीवर बांबू, गवऱ्या आणि एक मडकं. दिगंबरने अण्णांकडे पाहिलं आणि तो दगड झाला.

अण्णांनी हातगाडीकडे पाहिलं. "अरे अरे! कोन गेलं बे?"

दिगंबरने गाडीवरचं मडकं उचलून छातीशी धरलं.

"सांग ना! आपल्यातलंच हाये का?"

"हाव," दिगंबर कसाबसा म्हणाला.

"वय झालं होतं?"

"एक्क्याऐंशी."

"माह्याच वयाचा! मंग मले गेलंच पाह्यजे. थांब, टोपी घालून येतो," असं म्हणून अण्णा स्वतःच्या मयताला जायला आत वळले.

या आवाजाने मी जागा झालो. बाहेर आलो तर दिगंबर पायरीवर बसलेला, मडकं मांडीवर. त्याने मला स्वतःचा फोन दाखवला. माझ्या मेसेजखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी रांग लागलेली होती. एकाने तर अण्णांचा फोटो शोधून त्याला हारसुद्धा घातला होता. आणि त्याखाली सगळ्यांचा एकच सवाल: 'फोन बंद का लागतोय?'

"अरे, खोटं हाये ते! लिही ना लवकर!" मी ओरडलो.

"लिहितो, पन जे निघाले त्याईचं काय?"

त्याचं वाक्य संपायच्या आत गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि साखरखेर्ड्याच्या आत्याचा टाहो ऐकू आला. "माह्या दादा रे! मले न भेटता गेला रे!" आत्या अण्णांची सख्खी धाकटी बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, तिला रक्तदाबाचा त्रास. हिने एकदम अण्णांना पाहिलं तर आजच दिगंबरचे बांबू वाया जाणार नाहीत! मी पळत गेलो, तिचे दोन्ही हात धरले. "आत्या, आत्या, हळू! अण्णा..."

"मालूम हाये रे लेकरा," म्हणून तिने मलाच छातीशी धरलं आणि दुप्पट रडायला लागली. मी तिच्या पदरात गुदमरत "जिवंत, जिवंत" म्हणत होतो. तिला वाटलं मी शुद्धीत नाही.

तेवढ्यात टोपी घालून अण्णा बाहेर आले. "शांते, तू बी आली? कोन गेलं ते मले कोनीच सांगून नाही राह्यलं!"

आत्याने अण्णांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, दंडाला चिमटा काढला, आणि अण्णा "आई गं!" म्हणाल्यावर मटकन ओट्यावर बसली. तिला पाणी पाजलं, पंखा लावला. रंग परत आला तशी तिने विचारलं, "कोनं लिहिलं होतं ते?" मी आत साखर आहे का बघायला गेलो.

पुढचा तास फार वाईट गेला. येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा दारात उभं राहून, "मी नाही गेलो. या, चहा घ्या," असं सांगत होते आणि मी चहा करत होतो. सुनंदा मेहकरहून ऑटो करून आली. रडून रडून तिचे डोळे सुजलेले. तिने आधी सासऱ्यांचे पाय धरले, मग स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

सहाच्या एसटीने नानाकाका आले. हे अण्णांचे धाकटे भाऊ, हिवरा आश्रमला असतात. सामाईक विहिरीवर मोटर आधी कोणी लावायची यावरून दोघा भावांचं बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. लग्नकार्यातसुद्धा एक आला की दुसरा उठायचा. नानाकाकांकडे साधा फोन, ग्रुप वगैरे नाही. त्यांना कोणीतरी तोंडी सांगितलं आणि ते अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. खुलासा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

ते दारातच थांबले. उंबऱ्याला हात लावला आणि खाली मान घालून हुंदके देत म्हणाले, "चुकलं माह्यं दादा. एकडाव तरी बोलाले पाह्यजे होतं तुह्याशी."

अण्णा दाराआड खुर्चीवर चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मंग बोल ना," अण्णा म्हणाले. "मी कुठं जाऊन राह्यलो?"

नानाकाकांनी मान वर केली. अकरा वर्षांनी समोरासमोर आलेल्या भावाला त्यांनी पहिलं वाक्य काय म्हणावं? "मोटर तूच लावत जाय आधी." आणि अण्णांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून पोरासारखे रडले. अण्णाही रडले. (त्याच गुडघ्यावर. पण तक्रार केली नाही.) दिगंबरने तोंड फिरवलं. मलाही गहिवरून आलं आणि मी अभिमानाने म्हणालो, "पहा, माह्या मेसेजनंच..."

"तुमी चहा करा," सुनंदा म्हणाली.

मग तिने पर्स उघडली, स्वतःचा फोन काढला आणि अण्णांसमोर धरला. अण्णांचे डोळे रडून लाल, टोपी तिरकी, बाजूला नानाकाका हात धरून. "अण्णा, मिचका." अण्णांनी मिचकवले. "झालं," ती म्हणाली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत!

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन रफीकभाईंच्या दुकानात गेलो. मोबाईल दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा गावात कोणी नाही. "भाई, खरं सांगा. कंपनी मुद्दाम करते का नाही?"

"कंपनीच्या मनातलं मले काय मालूम साहेब?" फोन उघडत रफीकभाई म्हणाले. "नवीन अपडेट जुन्या फोनले जड जाते, हे खरं हाये. बॅटरी थकली का फोन मुद्दाम हळू चालवतेत, असं बी ऐकलं. पन तुमच्याकडं कंपनीले मोकाच कुठं भेटला? यात मोहरी ठेवाले जागा नाही! काय भरलं एवढं?" आणि दुकानातल्या पाच गिऱ्हाइकांसमोर ते मोठ्याने वाचू लागले, "'कंपन्या तुमचा फोन कसा हळू करतात, भाग एक'... 'भाग दोन'... 'भाग नऊ'... साहेब, हे सगळे व्हिडिओ सेव करून ठेवले?"

"पुरावा म्हनून," मी म्हणालो.

त्या फोनचं पुढे काही झालं नाही, तो अजून माझ्याकडेच आहे. अण्णांनी मात्र हट्टाने स्वतःसाठी एक नवा घेतला. अपडेटची पाटी आली की मला न विचारता दाबतात, आणि रोज सकाळी सातला खानदानाच्या ग्रुपवर दोन शब्द टाकतात: 'मी आहे.' त्याखाली चाळीस नमस्कार पडतात.

परवा मीही ग्रुपवर लिहिलं, 'आज माझा वाढदिवस.' अर्धा तास कोणी हूं की चूं केलं नाही. मग आत्याने लिहिलं, 'दादा, हे खरं हाये का?'

अण्णांनी उत्तर दिलं, 'तपासून सांगतो.'