मिटलेला साचा

ओतण्याआधी दाजी परब प्रत्येक साच्याला गाल लावायचे. तापलेल्या पोराचं अंग बघावं तसा साचा हळूच डाव्या गालाशी न्यायचे, डोळे मिटून थोडं थांबायचे आणि मग "घाल" किंवा "थांब" एवढंच बोलायचे. "थांब" म्हणाले की साचा पुन्हा शेगडीवर. तळहात कामाने निबर झालेले असतात, त्यांना ओल कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. गाळ्यातली पोरं हसायची, तेव्हा ते म्हणायचे, "हसा. बायकोने थप्पड मारली तर हातावर घेता काय रे? गालाकच कळता ता."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा होता. सायकलच्या हँडलच्या मुठी बनवायचो आम्ही, मऊ प्लॅस्टिकच्या. मी सुपरवायझर होतो. गिरणी बंद पडल्यावर दाजी आमच्याकडे लागले. मूळचे मालवणकडचे, राहायला घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर. पन्नाशी गाठलेली, अंगाने काटकुळे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. बोलणं एरवी मुंबईचं, पण राग किंवा आनंद झाला की सरळ मालवणीवर जायचे. दारूला त्यांनी कधी हात लावला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. का, ते पुढे येईल.

आमचा माल म्हणजे एक पांढरी, बासुंदीसारखी दाट पेस्ट. ती पातेल्यात तापवली की आधी कुरडयांच्या चिकासारखी गुठळते, मग हळूहळू मधासारखी पारदर्शक आणि पातळ होते. त्या अवस्थेत ती उकळत्या तेलापेक्षा वाईट. कातडीवर पडली तर चिकटून बसते, झटकता येत नाही. जास्त तापली तर तिचा धूर डोळ्यांत तिखटासारखा चढतो. दाजी तिला "बया" म्हणायचे. "बया तापली, सरका," असं ते म्हणाले की सगळे बाजूला व्हायचे.

दर रविवारी दाजी मढच्या खडकांवर गरवायला जात. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. आमिषाला कोळंबी लागते, आणि कोळंबी घरी खायची सोडून माशांना घालायची, हे त्यांच्या बायकोला कधी पटलं नाही. म्हणून दाजींनी उरलेल्या पेस्टची कोळंबी बनवायला घेतली. बाजारातून आणलेली एक मोठी कोळंबी ओल्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये अर्धी दाबायची, प्लास्टर घट्ट झालं की काढून घ्यायची, की झाला साचा. त्यात थोडा लाल रंग घातलेली पेस्ट ओतायची. कोळंबी एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने सपाट यायची, पण बोटात धरली की जिवंत असल्यासारखी थरथरायची. एका सोमवारी ते केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा घेऊन गाळ्यात आले आणि त्याच्या तोंडातून ती लाल कोळंबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "घे. खोट्याक भुललो."

ती कोळंबी मी उचलली आणि माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. फोर्टमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान असलेला एक गृहस्थ आमच्या मालकांच्या, शेठच्या, ओळखीचा होता. पवईच्या तलावावर, समुद्रावर हौसेने मासे धरणारे साहेब लोक त्याचे गिऱ्हाईक. परदेशी आमिषं मिळत नाहीत म्हणून ते हळहळायचे. त्याने दाजींची कोळंबी उलटसुलट केली आणि तोंड वाकडं केलं. "ये तो आधी है. पाय कुठे, मिशा कुठे? असं आमच्याकडे कोण घेणार?"

शेठ मला म्हणाले, "तू चालवून दाखव. चाललं तर हे काम तुझं." मुठींच्या धंद्यात मी कायम दुसऱ्याचा माणूस राहणार होतो. मला ते हवंच होतं. शेजारच्या गाळ्यातल्या डायमेकरकडून मी ॲल्युमिनियमचा दोन पाकळ्यांचा साचा कापून घेतला. त्यात कोळंबीचे सगळे पाय, मिशा, पाठीवरच्या वळ्या होत्या. दोन्ही पाकळ्या मिटवून पकडीत आवळायच्या आणि वरच्या भोकातून पिचकारीने पेस्ट आत दाबायची.

असा खास साचा करून घेण्यात अर्थ होता का, हे ठरवायचं काम मी दाजींकडेच दिलं. त्यांनी ते गिरणीतल्या कामाइतक्याच गांभीर्याने घेतलं. उन्हाळाभर ते रविवारी दोन्ही प्रकारच्या कोळंब्या घेऊन मढला जायचे. त्याच खडकावर, त्याच दोरीला, आलटून पालटून. एकदा मीही गेलो. दाजी खडकाच्या टोकावर उभे होते आणि खाली पाणी काळं होतं. "हय उभो रव, त्या शेवाळावर पाय ठेवू नको," ते म्हणाले, आणि दोरी पाण्यात फेकली. पाणी खडकाच्या पोटात शिरायचं आणि आतून कोणी खाकरल्यासारखा आवाज यायचा. मला तिथून लवकर निघावंसं वाटत होतं.

त्यांचा निकाल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितला. सपाट कोळंबी ओढताना गिरक्या घेते, दोरीला पीळ पडतो. दोन्हीकडून गोल असलेली सरळ पोहते, म्हणून मासा लवकर धरतो. एवढा फायदा नव्या साच्याचा खरा.

"आणि पाय? मिशा?" मी विचारलं.

"पाय गिऱ्हायकासाठी. माशाक खंय मोजूक येतत पाय? मिशा तर दुसऱ्या फेकीत तुटतात. पोट गोल होया, बाकी सगळा लग्नातला सोंग."

"म्हणजे साचा करायला हरकत नव्हती."

"आपल्यापुरत्या करायच्या तर प्लास्टर बरं. चार पावसाळे गेले तरी माझं भागेल. दुकानात घालायच्या तर हा बरा." मग डबा मिटता मिटता म्हणाले, "पण अरविंदा, हा साचा पावसाळ्यात काढू नको. नारळीनंतर काढ. प्लास्टर ओल पिऊन टाकतं. धातू पीत नाही, आत धरून ठेवतो. उघड्या साच्यात ओल असली तर बया जरा थुंकते, आपण बाजूला होतो. ह्याचं तोंड मिटलेलं. ती जाणार खंय? येतली ती तुझ्याच तोंडावर."

दुकानदाराला नमुने आषाढातच हवे होते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडतो तेव्हा माल दुकानात मांडलेला पाहिजे, असं त्याचं गणित. दाजी नाखुशीने तयार झाले, पण अट घातली. साचा प्रत्येक वेळी शेगडीवर तापवायचा आणि गार करायला पाण्यात कधी बुडवायचा नाही. पाकळ्या लवकर सुटाव्यात म्हणून बुडवण्याचा मोह सगळ्यांनाच होई. तरी एकदा घाईत साचा नीट तापला नव्हता. पिचकारी लावताच आत फुसफुसलं आणि भोकातून एक थेंब उडून टेबलावर पडला. रेक्झिन वितळून खाली लाकूड दिसू लागलं. दाजींनी रेक्झिनला पडलेल्या भोकावर बोट ठेवलं. "आज टेबल," एवढंच म्हणाले. त्यानंतर गाल लावल्याशिवाय त्यांनी पिचकारीला हात लावला नाही.

ज्या दिवशी दुकानदार स्वतः बघायला आला, त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. भिंतींना पाणी सुटलं होतं, पेस्टच्या डब्यांवर दव धरल्यासारखं झालं होतं. दुकानदार येण्याआधी मी दाजींना बाजूला घेऊन म्हणालो, "आज ते गाल लावणं नको, दाजी. बाहेरचा माणूस आहे. काय बाबा आदमचा कारखाना, असं म्हणेल."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. "मग तापवायचं तू बघ."

पहिली कोळंबी झकास निघाली. दुकानदार खूश झाला, "और एक, जल्दी," म्हणाला, त्याला अंधेरीहून गाडी धरायची होती. साचा गरम होता, पाकळी सुटेना म्हणून मी पाठमोरा होऊन तो बादलीत बुडवला होता. मग फडक्याने पुसला, मिटवला आणि पकडीत आवळला. शेगडीवर ठेवायला वेळ नव्हता. म्हणजे वेळ होता, दुकानदार घड्याळ बघत होता. साचा मी दाजींच्या समोर ठेवला.

"तापवलास?" पिचकारी भरता भरता त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी खाली वाकून पिचकारीचं तोंड भोकाला लावलं. आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या लाकडाची गाठ चुलीत फुटावी एवढाच. मग दाजी सरळ उभे राहिले आणि दोन्ही हात चेहऱ्यापर्यंत नेऊन तसेच हवेत धरून राहिले, कारण चेहऱ्याला हात लावायचा नाही हे त्यांना माहीत होतं. ओरडले नाहीत. "पाणी नको ओतू," असं दोनदा म्हणाले, आणि ते पाणी कशावर ओतू नको म्हणत होते हे मला आजही कळलेलं नाही.

उजवा डोळा गेला. डाव्याला सावल्या दिसत. तिसऱ्या दिवशी शेठ हॉस्पिटलात आले. दाजी पट्ट्या बांधून पडलेले, उशाशी त्यांची बायको आणि मुलगी लता. शेठनी मला विचारलं, "साचा कोणी बघितला होता?"

मी म्हणालो, "साचे नेहमी दाजीच बघतात."

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच ते मला इतक्या सहज बोलता आलं. पट्टीखाली दाजींचे ओठ हलले.

त्यानंतर वसाहतीत गोष्ट तयार झाली. परब मासेवेडा, स्वतःची खेळणी बनवत होता, आणि त्यात डोळा घालवून बसला. शेठनी तेवढ्यावर हात झटकले. दुसऱ्या गाळ्यात कोणी त्यांना घेईना. डोळ्याचं एक वेळ चाललं असतं, पण निष्काळजी माणूस कोणाला नको असतो. साचा मात्र चालला. कोळंब्या खपल्या आणि ते काम माझं झालं.

ते गावी जायला निघाले तेव्हा मी असल्फ्याला गेलो. सामान बांधलेलं होतं. वहिनींनी चहा दिला. दाजी भिंतीला टेकून बसले होते. जवळ बोलावून म्हणाले, "अरविंदा, एक सांग. तापवलेला होता ना?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. असता तर कदाचित मी बोललो असतो. ते खरोखर विचारत होते, एक कारागीर दुसऱ्याला विचारतो तसे.

"हो, दाजी."

"मग पाणी खंयसून इला?" ते स्वतःशीच म्हणाले. "पेस्टमध्ये गेलं असेल. डबा मीच उघडलेला. माझ्याच हातून गेलं असेल."

उतारावरून खाली येताना मला हलकं वाटत होतं. ही या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे, म्हणून ती गाळत नाही.

दाजी गावीच वारले. मी गेलो नाही. गेल्या वर्षी मुलुंडच्या एका लग्नात जुन्या वसाहतीतला एक जण माझ्या नातवाला परबांची गोष्ट सांगत होता. आता त्या गोष्टीत दाजी दारू प्यायलेले होते. सगळे हसले. मी हातात ताट घेऊन उभा होतो, आणि पलीकडच्या खुर्चीत लता बसलेली होती. मला तिने ओळखलं नाही. ती उठून त्या माणसाला म्हणाली, "बाबा पीत नव्हते हो. चूक त्यांची होती, ते स्वतःच म्हणायचे. पण पीत नव्हते."

पुढच्या आठवड्यात पत्ता काढून मी तिच्या घरी बोरिवलीला गेलो. मी कोण, हे सांगितलं, आणि मग बादली, फडकं, माझा "हो," सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गावाला बाबा चुलीवर साधं दूध ठेवायचे नाहीत. मी ठेवलं तरी, भांडं कोरडं होतं का, पुन्हा बघ, म्हणायचे. आपल्या हाताचा भरवसाच गेला होता त्यांचा. जेवताना मध्येच थांबायचे आणि आईला विचारायचे, तापलेल्या साच्यात पाणी आलं कुठून गं? आई म्हणायची, सोडा आता. पण नाही सुटलं. अगदी शेवटच्या आजारातसुद्धा."

मी माफी मागू लागलो. तिने हात वर करून थांबवलं.

"मला सांगून काय उपयोग, काका? मला काय ते कोडं पडलं होतं?" मग थोडी शांत झाली. "तुम्हाला लिहिता येतं ना? लिहा. बाबांचं पूर्ण नाव घाला. तुमचंही घाला. आणि आडून आडून नका लिहू."

तर, दत्ताराम परब यांच्या हातून त्या दिवशी काहीही चुकलं नव्हतं. पेस्टच्या डब्यात पाणी नव्हतं. साचा तापवलेला नव्हता. तो मी, अरविंद सामंत याने, बादलीत बुडवला होता. पाणी तिथून आलं, दाजी.