उलटवलेला कफ

टाकेबाईला साऱ्या शाळा आतल्या बाजूने ठाऊक होत्या. म्हणजे शिवणीच्या बाजूने. अकरा वर्षं ती मुलांचे युनिफॉर्म शिवत होती आणि फाटलेले दुरुस्त करत होती. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्री, एक उंच आरसा. आरशासमोर लाकडी खोकं, त्यावर पोराला उभं करून माप घ्यायचं.

माप पोराचं, पण आरशात बघायची आई.

प्रवेशाचे दिवस आले की खोलीत पाय ठेवायला जागा नसे.

"आमचं टेकडीवरच्या शाळेत झालंय."

"झालं? यादी तर सोमवारी लागणार ना?"

"झाल्यातच जमा आहे हो."

यादी लागायच्या आधीच युनिफॉर्म शिवायला टाकायचा, ही अलीकडची रीत. एकीने टाकला की दुसरी मागे कशी राहील? मागच्या वर्षी तीन निळे फ्रॉक न्यायला कुणी आलंच नाही. त्या तीन आया पलीकडच्या रस्त्याने जाऊ लागल्या. टाकेबाईने फ्रॉक गुपचूप उसवले. कुणाचं नाव तोंडातून काढलं नाही.

या रीतीला ती हसायची. या वर्षी मात्र ती स्वतःच त्या लोंढ्यात सापडली.

तिची मुलगी सहा वर्षांची. जिभेला विसावा नाही, म्हणून घरात तिला भुणभुण म्हणत. दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई. त्यांचा मुलगा टेकडीवर तिसरीत, नवरा शाळेच्या समितीवर. त्या एक दिवस म्हणाल्या, "एक जागा माझ्या शब्दावर आहे. ती तुमच्या मुलीला द्यायची माझ्या मनात आहे. शनिवारी पाचपर्यंत सांगा."

टाकेबाईचा नवरा बस दुरुस्तीच्या गॅरेजात होता. त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. "आपल्याला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "तिला तरी विचारतील."

जाऊ म्हणाली, "छान झालं बाई. आता तुमच्याशी बोलायला आधी वेळ घ्यावी लागेल." जावेची मुलगी बाजारामागच्या शाळेत जायची.

मंगळवारी टाकेबाईने ठेवणीतलं कापड काढलं आणि निळा फ्रॉक बेतला. भुणभुण खोक्यावर उभी राहिली.

"आई, या शाळेत बोलतात का?"

"बोलतात की."

"मग तो दादा का नाही बोलत?"

दादा म्हणजे डॉक्टरीणबाईंचा मुलगा. मागच्या महिन्यात मापाला आला होता. हात वर म्हटलं, वर केले. वळ म्हटलं, वळला. जाताना बाहीचं टोक तोंडात धरून गेला.

टाकेबाईने चटकन दोन टाचण्या ओठांत धरल्या. टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही.

गुरुवारी दुरुस्तीची गाठोडी आली. टेकडीवरचे कपडे कधी आया आणत नसत. कामवाल्या बायका, ड्रायव्हर आणून देत. "धुण्याच्या मशीनमध्ये फाटलं म्हणे," एवढाच निरोप. टाकेबाईला ते काम डोळे मिटून येई. कफ उसवायचा, उलटवायचा, पुन्हा बसवायचा. कुरतडलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. हात इतका साफ की हा शर्ट दुरुस्त झालाय हे सांगूनही पटू नये. याच कामावर तिचं नाव झालं होतं.

सगळ्याच शाळांतली पोरं कपडे चावतात, असं ती अकरा वर्षं समजत आली होती. आज तिने एकेक शर्ट बेतायच्या टेबलावर पसरला. टेकडीवरचे एकोणीस. त्यातल्या चौदांचे कफ नाहीतर कॉलरची टोकं चघळून चघळून दशा निघालेल्या. मग बाजारामागचं तेवढंच मोठं गाठोडं सोडलं. गुडघे गेलेले, खिसे वजनाने उसवलेले. एका खिशात खडूचा तुकडा, तीन बिया आणि किड्याचा हिरवा पंख. चावलेले कफ दोन.

ती खोक्यावर बसली. तोंडात बाहीचं टोक धरून गेलेला तो दादा तिला आठवला.

शुक्रवारी ती बाजारामागच्या शाळेत गेली. भिंतीचे पोपडे निघालेले. एका वर्गात पंचेचाळीस मुलं. मोरीच्या दाराला कडी नाही, सुतळी. टाकेबाईच्या नजरेतून काही सुटलं नाही. मोठ्या बाई पायरीवर बसून फाटलेला नकाशा चिकटवत होत्या.

"माझी मुलगी फार बोलते," टाकेबाई म्हणाली.

"किती?"

"झोपेतसुद्धा."

"मग मागच्या बाकावर बसवू. तिथले पेंगतात."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो उखडलाच. "चालून आलेली जागा सोडायची? लोक म्हणतील, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. कपडे बघून कुणी शाळा ठरवतं?"

"तुम्ही आवाज ऐकून इंजिन ओळखता ना?"

तो हाताचं काळं ऑइल पुसत राहिला. मग म्हणाला, "पण डॉक्टरीणबाईंना काय सांगशील?"

खरी अडचण तीच होती. खोटं बोलावं तर सोपं होतं. शाळा लांब पडते, झालं. त्यांचा मान राहिला असता, गिऱ्हाईकही राहिलं असतं.

शनिवारी साडेचारला त्या स्वतः आल्या. "फॉर्म आणलाय. सही तेवढी करा."

"नको बाई," टाकेबाई म्हणाली. "तुमचे उपकार आहेत. पण नको."

"वेड लागलंय का? लोक पाया पडतात त्या जागेसाठी. कारण तरी कळू दे."

टाकेबाईने ढिगातून एक शर्ट काढला. आत त्यांच्याच मुलाचं नाव शिवलेलं होतं. उजवा कफ तिने चार महिन्यांपूर्वी उलटवला होता. आता कोरी बाजूही गेली होती. तिने कात्रीच्या टोकाने चार टाके तोडले आणि आतली बाजू वर केली.

"ही आधीची," ती म्हणाली. "ही आत्ताची. शाळा वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझी पोर तिथं गप्प होईल, एवढंच मला दिसतं."

डॉक्टरीणबाईंनी कफ हातात घेतला. त्यावरून अंगठा फिरवला. "मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"मीच झाकत होते. मला वाटायचं, मी चांगलं काम करतेय. चुकलं माझं."

आरशात दोघी दिसत होत्या. कुणी आरशाकडे पाहिलं नाही.

टाकेबाईने शर्टासाठी हात पुढे केला. "द्या. नवा कफ लावून देते."

"नको." डॉक्टरीणबाईंनी शर्टाची घडी केली, कफ वर राहील अशी. "हा असाच नेते. ह्यांना दाखवायचाय."

त्या गेल्या. फॉर्म टेबलावरच राहिला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टाकेबाईने लेकीची नवी मापं लिहिली. भुणभुण खोक्यावर उभी राहून गाठोड्यात सापडलेल्या किड्याच्या पंखाबद्दल सांगत होती.

"खिसे किती लावू?" टाकेबाईने विचारलं.

"चार!"

तिने चार लावले, आणि चारही दुहेरी टीप मारून.